टाचणी घरात येते

आप्पांनी बहात्तराव्या वर्षी लग्न केलं, त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता. पंधरा दिवस सगळे फक्त कुत्रीबद्दल बोलत होते.

"लहान चणीची कुत्री फार चावरी असतात," आप्पांचा मुलगा भाऊ म्हणायचा.

"चावऱ्या माणसांपेक्षा बरी," त्याची बायको म्हणायची, आणि कोणाबद्दल ते सांगायची नाही.

नोंदणी कार्यालयात सह्या होऊन पंधरा दिवस झाले, तरी आप्पांची नवी बायको, म्हणजे शिवणाच्या बाई, अजून आपल्या शिवणक्लासामागच्या दोन खोल्यांतच राहत होत्या आणि आप्पा इकडे, आपल्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानामागच्या घरात. रोज चार वाजता ते चहाला भेटायचे. तसे ते गेली दोन वर्षं भेटतच होते. बाईंच्या क्लासात बारा मशीनं होती, आणि त्या दोन वर्षांत ती इतक्या वेळा बिघडली की भाऊला आधी मशीनांची शंका आली, मग आप्पांच्या हाताची, आणि शेवटी बाईंची.

लग्नाला बाई तयार झाल्या, पण घर बदलायला त्यांची एक अट होती.

"टाचणी जिथं, तिथं मी," त्यांनी आपल्या कुत्रीबद्दल आप्पांना सांगून टाकलं होतं. "तुमच्या घरच्या दोघांशी तिचं जमलं, तर मी आले. नाही जमलं, तर मनाला लावून घ्यायचं नाही, मिस्त्री. चहा आहेच."

घरचे दोघं म्हणजे आपण आणि आपली बायको, असं समजून भाऊनं दोन दिवस चेहरा फार गोड ठेवला होता. नंतर कळलं, ते दोघं म्हणजे जमादार आणि बाहुली, घरातली दोन कुत्री.

त्या रविवारी सकाळी साडेआठ वाजता वहिनीनं फ्रिजवर चिकटवलेला तक्ता काढून टेबलावर मांडला. भाऊच्या बायकोला घरात सगळे वहिनीच म्हणत, अगदी आप्पासुद्धा. एकोणीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर म्हणून काढल्यावर तिला तक्त्याशिवाय पाणीसुद्धा गरम करता येत नसे.

"नऊ वाजता शाळेमागचं मैदान. तिघंही दोरीला बांधलेली. दहा वाजता घरी. टाचणी दुकानात, आपले दोघे आत, मधल्या दारात फळी. चार वाजता, परिस्थिती पाहून."

"परिस्थिती म्हणजे?" भाऊनं विचारलं.

"म्हणजे रक्त आलंय की नाही, ते पाहून."

टेबलाखालून जमादारानं सुस्कारा टाकला. जमादार हा आईचा, म्हणजे आप्पांच्या पहिल्या बायकोचा, कुत्रा. आईला जाऊन चार वर्षं झाली होती, तरी तो कोणाचा कुत्रा हे विचारलं तर घरातलं कोणीही आईचंच नाव घेतलं असतं. आखूड पाय, लांबलचक धड आणि कायम कोणीतरी आपली खुर्ची पळवली असल्यासारखा चेहरा. बाहुली त्याच्या चौपट, काळीभोर, वासराएवढी. ती छत्रीला घाबरायची, फुग्याला घाबरायची, आणि एकदा स्वतःच्या शिंकेला घाबरून पलंगाखाली गेली, तेव्हा तिला काढायला पलंग उचलावा लागला होता.

तेवढ्यात ताई आली. आप्पांची थोरली लेक, चार गल्ल्या पलीकडे राहणारी. बोलावलं नव्हतं, म्हणून वेळेआधी आली होती. बस स्टँडवर घोषणा करण्यात तिची अर्धी हयात गेली होती, त्यामुळे ती घरात बोलली तरी ऐकणाऱ्याला आपलं सामान जवळ ओढून घ्यावंसं वाटे.

"मी आजची पाळी बदलून घेतली आहे," ती म्हणाली. "आईच्या कुत्र्याच्या बाजूनं बोलायला कोणीतरी पाहिजे."

वहिनीनं पेन काढलं आणि तक्त्यात खाली एक ओळ वाढवली : 'ताई – लांबून पाहणे.'

मैदानावर बाई आधीच येऊन उभ्या होत्या. उंच, सडपातळ, पट्टी लावून आखल्यासारख्या ताठ. त्यांच्या पायाशी टाचणी. मांजरापेक्षा जेमतेम मोठी, राखाडी, एक कान उभा आणि एक पडलेला. ती भुंकत नव्हती. नुसती बघत होती, आणि त्या बघण्यानंच भाऊला आपल्या सदऱ्याचं वरचं बटण लावावंसं वाटलं.

भाऊ गाडी शिकवायचा. वीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याच्या उजव्या पायाला सवय जडली होती. धोका दिसला की तो पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. आज बाहुलीची दोरी हातात घेऊन मैदानात शिरल्यापासून तो पाय उठलाच नव्हता.

"समांतर चालायचं," वहिनीनं सूचना दिली. "वीस पावलं अंतर. आप्पा, जमादार डावीकडे. बाई, तुम्ही उजवीकडून. अहो, तुम्ही मध्ये येऊ नका."

"मी येत नाहीये, ही नेतेय मला," भाऊ म्हणाला. ते खरंच होतं.

पहिली फेरी बरी झाली. दुसऱ्या फेरीला अंतर दहा पावलांवर आलं, आणि टाचणीला शिंक आली. अगदी छोटी, पेनाचं टोपण उघडावं एवढीच. पण बाहुलीनं ती ऐकली आणि मागचा पुढचा विचार न करता धूम ठोकली. भाऊ "क्लच! क्लच!" असं ओरडत तिच्यामागे पार फुटबॉलच्या गोलपोस्टपर्यंत गेला. तिथं बाहुली त्याच्या दोन पायांमध्ये लपायला बघू लागली आणि दोघंही खाली बसली.

"पाहुणीनं शिंकताच घरची मंडळी पळून गेलेली आहे," ताईनं जाहीर केलं. मैदानाच्या टोकाला चालणारे दोघे थांबून वळले.

जमादार मात्र एकदम सभ्य वागला. तो टाचणीजवळ गेला, तिनं तोंड बाजूला वळवून त्याला वास घेऊ दिला, मग तिनं त्याचा घेतला. मग जमादारानं एका दगडावर आपली सही केली. टाचणीनं ती नीट वाचली आणि खाली आपली केली.

"फार छान लक्षण," वहिनीनं तक्त्यावर खूण केली.

"हे छान?" ताई म्हणाली. "मग वाईट काय असतं?"

घरी येताना आप्पा बाईंच्या बाजूनं चालत होते, आणि त्यांची चाल नेहमीपेक्षा भराभर होती, हे वहिनीनं मागून पाहिलं.

अडचण उंबऱ्यावर आली.

आप्पांनी दुकानाचं दार उघडलं. आत दोन्ही भिंतींना उघडी मशीनं, कुणाचा पट्टा निघालेला, कुणाचं शटल बाहेर काढून ठेवलेलं, आणि तेलाचा तो जुना वास. जमादार पुढं होऊन आत गेला, वळला, आणि दारात आडवा बसला. मैदानावरचा सभ्य गृहस्थ तो हाच, यावर कोणाचा विश्वास बसला नसता. त्याच्या पोटातून एक खर्जातला आवाज निघाला. बारा वर्षांत त्यानं असा आवाज कधी काढला नव्हता.

टाचणी एक पाऊल मागं सरली. तीही गुरगुरली, बारीक, घट्ट.

"बघा," ताई म्हणाली. "तो सांगतोय. आमच्या घरात कोण येणार, ते तोच ठरवणार. आईनं त्याला तेच शिकवलंय."

"आईनं त्याला फक्त हात द्यायला शिकवलं होतं," भाऊ म्हणाला. "तेही बिस्किट असेल तरच."

"बाळ्या, तू गप्प बस!"

बाईंनी दोरी आखूड केली. "त्याचं बरोबर आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "घर त्याचं आहे. जबरदस्ती कशाला? आजच्यापुरतं पुरे, मिस्त्री. आम्ही निघतो."

आप्पांनी मान हलवली. मग खिशातलं फडकं काढून ते हात पुसू लागले. हात स्वच्छ होते. तरी ते बोटं एकेक करून पुसत राहिले, डोळे खाली घालून.

आणि ते बघून वहिनीचं मत बदललं. तिनं आतापर्यंत कोणाचीच बाजू घेतली नव्हती. सासऱ्यांनी लग्न केलं, ठीक आहे. कुत्री आणायची आहे, तर नीट आणू. तिच्या लेखी हे काम होतं आणि काम नीट व्हायला हवं. पण वॉर्डात अशी हात पुसणारी माणसं तिनं पाहिली होती. डॉक्टर 'आज काही करता येणार नाही' म्हणून निघून गेले, की ती अशीच हात पुसत बसतात.

"तक्त्यात दहा ते चार टाचणी दुकानात आहे," ती म्हणाली. "म्हणजे दुकानात. बाई, तुम्ही आत या. अहो, त्याला उचला."

"मी?"

"नाहीतर काय मी? उचला."

भाऊनं जमादाराला पोत्यासारखं पोटाखाली हात घालून उचललं. जमादार भाऊच्या कानाशी गुरगुरत मधल्या खोलीत गेला, आणि दुकान व मधली खोली यांच्यातल्या दारात भाऊनंच कापलेली गुडघाभर उंचीची फळी बसली.

दुपारपर्यंत घर फळीच्या दोन बाजूंना वाटलं गेलं होतं.

मधल्या खोलीत ताई बसली होती. शेजारी जमादार, फळीकडे तोंड करून. फळीवरून तिला दुकान सरळ दिसत होतं. बाई एका उंच स्टुलावर बसून कुणाच्यातरी मशीनच्या सुईत दोरा ओवत होत्या. टाचणी त्यांच्या पायाशी गोल होऊन झोपली होती. आप्पा दुसऱ्या मशीनचं पोट उघडून बसले होते.

"शटल घासलंय," आप्पा म्हणाले.

"शटल नाही. बॉबिन उलटी घातलीये कुणीतरी."

"तुमच्या क्लासातलीच कुणीतरी असणार."

"माझ्या क्लासात बॉबिन उलटी घालणारी एकच होती. मी. तुम्ही यावं म्हणून."

आप्पा हसले. मोठ्यानं, डोकं मागं टाकून.

ते हसू ताईच्या ओळखीचं होतं. लहानपणी ती आणि बाळ्या माळ्यावर झोपायला जायची, तेव्हा खालून आई काहीतरी बोलायची आणि हे हसू वर यायचं. चार वर्षांत ते एकदाही ऐकलं नव्हतं. ताईला वाटलं होतं, ते आईबरोबर गेलं. आणि ते इथंच होतं. बाईंनी येऊन एका उलट्या बॉबिनीवर ते बाहेर काढलं होतं.

तिला आनंद व्हायला हवा होता, हे तिला कळत होतं. त्याऐवजी तिला राग आला. रागाला काहीतरी करावं लागतं.

वहिनी मागच्या अंगणात बाहुलीला समजावत होती, कारण बाहुली सकाळपासून बादलीमागून बाहेर यायला तयार नव्हती. भाऊ वर झोपला होता. ताई उठली, स्वयंपाकघरातून जमादाराची खाण्याची थाळी भरून आणली आणि फळीला अगदी चिकटून ठेवली. मग पायाच्या अंगठ्यानं तिनं फळी सरकवली. एक वीत. फक्त एक वीत, तिनं स्वतःला बजावलं. त्याला काय वाटतं ते सगळ्यांना एकदा दिसू दे.

टाचणीचा उभा कान हलला. मग पडलेलाही उभा राहिला.

पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की नंतर प्रत्येकानं ते वेगळं सांगितलं. टाचणी फटीतून आत आली, थाळीपाशी पोचली, आणि जमादार, जो एरवी वळायलाही वेळ घ्यायचा, तो तिच्या अंगावर गेला. थाळी उडाली. एक राखाडी आणि एक तपकिरी वावटळ मधल्या खोलीत फिरू लागली आणि तिच्यातून एवढा आवाज येऊ लागला की वर भाऊ झोपेतच "ब्रेक!" म्हणून ओरडला. ताईनं घाबरून त्यांच्या मध्ये हात घातला.

"हात घालू नका!" बाई ओरडल्या, पण उशीर झाला होता.

बाईंनी मशीनवरचं जाडजूड कापड ओढलं आणि दोघांवर टाकलं. अंधार झाल्याबरोबर दोघंही थांबली. बाईंनी टाचणीला मागच्या पायांना धरून ओढून घेतलं, आप्पांनी जमादाराला. दोघांना एक ओरखडाही नव्हता.

ताईच्या मनगटावरून मात्र रक्त येत होतं.

"चावली!" ती किंचाळली. "ती चावली मला! बघा! मी म्हटलं होतं की नाही!"

वहिनी अंगणातून धावत आली, भाऊ जिन्यावरून. भाऊनं रक्त पाहिलं आणि पायरीवरच बसला.

"टाचणी?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"नाहीतर कोण? जमादार मला चावेल?"

बाईंनी टाचणीला काखेत धरलं. त्यांनी ना नाही म्हटलं, ना माफी मागितली. एवढंच म्हणाल्या, "फळी मी नीट पाहायला हवी होती," आणि दुकानात जाऊन आपली पिशवी भरू लागल्या. टाचणीची वाटी, तिचं अंथरूण, तिचा तो चघळलेला लाकडी रीळ. एकेक वस्तू त्या व्यवस्थित रचून ठेवत होत्या, जणू निघणं जमेल तेवढं लांबवायचं होतं.

वहिनीनं ताईला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि मनगट नळाखाली धरलं. साबणानं धुतलं, पुसलं, उजेडात वळवलं. मग बराच वेळ नुसतं बघत राहिली.

"दुखतंय गं," ताई म्हणाली. "एवढं काय बघतेस?"

"वर दोन खुणा. खाली एक." वहिनीनं बोट न लावता दाखवलं. "खालचा डावा सुळा नाही. आणि जबडा एवढा रुंद. टाचणीच्या तोंडात तुमची करंगळी नीट मावणार नाही, ताई."

ताईनं हात ओढून घेतला.

"जमादाराचा खालचा सुळा डॉक्टरांनी मागच्या वर्षी काढला," वहिनी पट्टीचं पाकीट फोडत म्हणाली. "मी धरलं होतं त्याला."

नळ ठिबकत होता. ताईनं तो घट्ट बंद केला. तरी ठिबकत राहिला.

"तू सांगणार त्यांना?"

"मी का सांगू? हात तुमचा आहे." वहिनीनं पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. "फळीचंही मी विचारत नाहीये. ती फळी मी स्वतः दोनदा हलवून बघितली होती. टाचणीच्या वजनाची चार कुत्री आली तरी हलत नाही ती."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो हसला, वहिनी," ती म्हणाली. आप्पांना ती लहानपणापासून अरे-तुरे करायची, फक्त समोर नाही. "तो आईच्या वेळेसारखा हसला."

"मी ऐकलं. अंगणापर्यंत आलं ते." वहिनीनं पट्टीला चिमटा लावला. "सासूबाई गेल्यापासून चार वर्षं मी रोज आप्पांचं जेवण वाढतेय, ताई. एका माणसाचं. ते हसले तर मी तर तक्त्यात लिहून ठेवणार आहे."

ताई उठली. दार उघडलं. दुकानात बाई पिशवीची चेन लावत होत्या, आप्पा त्यांच्या शेजारी उभे राहून पुन्हा हात पुसत होते, आणि भाऊ मध्येच उभा होता, कोणत्या बाजूला उभं राहावं ते न कळून. ताईला बोलायचं होतं हळू, घरच्यासारखं. पण रडू यायला लागलं की तिला एकच आवाज लावता यायचा, पोटातला, नोकरीतला.

"सर्वांनी लक्ष द्यावं," ती म्हणाली. काचेच्या बरणीतल्या सुया थरथरल्या. "टाचणी चावलेली नाही. जमादार चावलेला आहे. फळी सरकलेली नाही. फळी मी सरकवलेली आहे. थाळीही मीच ठेवलेली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल..." इथं तिचा आवाज फुटला आणि पुढची दिलगिरी ओठांतच राहिली.

रस्त्यावरून जाणारा एक माणूस दाराशी थांबून आत डोकावला आणि घाईघाईनं पुढं गेला.

आप्पा आपल्या लेकीकडे बघत होते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "तुझा हात फार दुखतोय का?" त्यांनी विचारलं, आणि ताई हमसून रडायला लागली.

"जमादार चावलाय म्हणजे आपलाच आहे, लस टोचलेली आहे," भाऊ घाईनं म्हणाला. त्याला रडणं सहन व्हायचं नाही. "म्हणजे प्रश्नच मिटला."

"काही मिटलेला नाही," वहिनी म्हणाली. "खोल गेलंय. डॉक्टरांना दाखवायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. आत्ता. गाडी काढा."

"इंजेक्शन?" ताईचं रडणं जागच्या जागी थांबलं. "नाही. मी नाही घेणार. मला सुई... बाळ्या, सांग ना हिला!"

"ती लहानपणी सुईला घाबरून कपाटात लपली होती," भाऊनं सगळ्यांना सांगितलं. "तीन तास."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "मी येते," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं सुयांमध्ये काढलीत. टोचली तर कसं बघायचं नाही, ते शिकवीन तुम्हाला."

ताईनं नाक पुसलं. नको म्हणायला तिच्याकडे तोंड उरलेलं नव्हतं. "चला," ती म्हणाली.

भाऊची गाडी म्हणजे पुढं-मागं 'शिकाऊ' अशी लाल अक्षरं. चौघं बसली. निघताना वहिनीनं काचेतून डोकं काढून आप्पांना तीनदा बजावलं. टाचणी दुकानात, जमादार आत, फळी बंद. एकत्र सोडायचं नाही, काहीही झालं तरी नाही. आप्पांनी तीन वेळा मान डोलावली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तसे ते आत आले आणि त्यांनी फळी उचलून भिंतीला टेकवून ठेवली.

मग ते दुकानाच्या मधोमध फरशीवर बसले. एका गुडघ्याखाली उशी घ्यावी लागली. जमादार दारात उभा राहिला. टाचणी मशीनखालून बघत होती.

"ये," आप्पा जमादाराला म्हणाले. "बस. तुझ्याशी बोलायचंय."

जमादार आला आणि बसला. पोटात अजून ते गुरगुरण्याचं यंत्र चालू होतं, पण बारीक.

"तू बारा वर्षांचा," आप्पा म्हणाले. "त्यातली आठ तिच्याजवळ काढलीस. मी एक्केचाळीस काढली. तेव्हा तिची आठवण कोणाला जास्त येते, यावर आपण भांडायला नको." त्यांनी त्याच्या कानामागं खाजवलं. "ती गेल्यावर तू दाराशी बसून राहिलास. मी मशीनं उघडत राहिलो, जी चांगली चालत होती तीसुद्धा. दोघांचा उपयोग सारखाच झाला. आता मला कुणाशीतरी भांडत चहा प्यायचाय, जमादार. तुला पटायला हवं असं नाही. पण गुरगुरायचं असेल तर माझ्यावर गुरगुर. टाचणीवर नको. ती आपणहून आलेली नाही, मी बोलावलंय तिला."

जमादारानं त्यांच्याकडे पाहिलं. मग टाचणीकडे. ती मशीनखालून निघाली, भिंतीच्या कडेकडेनं, फरशीचा वास घेत, कोणाकडेच न बघता, आणि आप्पांच्या दुसऱ्या बाजूला, हातभर अंतरावर, जमादाराकडे पाठ करून बसली. जमादार गुरगुरला. ती हलली नाही. तो पुन्हा गुरगुरला, थोडा कमी. मग कर्तव्य म्हणून एकदा. अंगणाच्या दारातून बाहुलीचं मोठं काळं नाक आलं, बराच वेळ तिथंच थांबलं, आणि मग मागून बाकीची बाहुली आली. आप्पा मागं रेलले. सकाळपासून ते पायांवर होते. डोळे कधी मिटले ते त्यांना कळलं नाही.

हॉस्पिटलात ताईनं इंजेक्शन घेतलं. बाईंनी तिला सांगितलं होतं, सुईकडे बघायचं नाही, आपल्याला कोणाचा सगळ्यात जास्त राग येतो त्याच्याकडे बघायचं. ताई पूर्ण वेळ बाईंकडे बघत राहिली, आणि सुई निघाल्यावर दोघींनाही एकदमच हसू फुटलं. येताना मागच्या सीटवर त्या शेजारी शेजारी बसल्या. बाईंनी विचारलं, आई जमादाराला काय म्हणून हाक मारायची. ताईनं सांगितलं. बाईंनी ते एकदा मनाशी म्हणून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही. ते त्यांचंच राहू दे. मी जमादारच म्हणेन." त्यावर ताई खिडकीबाहेर बघत राहिली. आरशातून दोघींकडे बघण्यात भाऊचा एक सिग्नल चुकला.

दाराशी आल्यावर वहिनीनं आधी काचेतून आत पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. फळी भिंतीला टेकवलेली. आप्पा फरशीवर आडवे.

"आप्पा!" तिनं दार ढकललं.

दार वीतभर उघडलं आणि आतून असा गदारोळ उठला की भाऊचा पाय रस्त्यावर दाबला गेला. जमादार सर्वांत पुढं, दात दाखवून. त्याच्या खांद्याला खांदा लावून टाचणी, तिच्या आकाराच्या दहापट आवाज काढत. आणि दोघांच्या मागं बाहुली, जी आयुष्यात कधी कोणावर भुंकली नव्हती, ती डोळे मिटून, मान वर करून, पूर्ण ताकदीनं भुंकत होती. झोपलेल्या म्हाताऱ्यावर कोणीतरी चालून आलं होतं, आणि ते कोण आहे याच्याशी त्या तिघांना काही देणंघेणं नव्हतं.

आप्पा उठून बसले, इकडेतिकडे बघितलं, आणि पुन्हा ते हसू आलं, डोकं मागं टाकून. त्या गोंगाटातही ते रस्त्यापर्यंत ऐकू आलं.

"जमादार, अरे मी आहे!" भाऊ ओरडला. जमादारानं उंबऱ्यावरून पुढं येऊन त्याच्या बुटावर झडप घातली आणि तो परत आत शिरला. भाऊ गाडीत जाऊन बसला. वहिनी तक्ता शोधायला पर्स उपसत होती, आणि त्यात यासाठी काही लिहिलेलं नाही हे तिला मनोमन ठाऊक होतं.

ताई पायरीवर बसली, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन. बाई तिच्या शेजारी बसल्या. दोघींच्या मागं दार पुन्हा आपोआप लागलं आणि आत भुंकणं तसंच चालू राहिलं.

"आता काय हो," ताई म्हणाली. या वेळी तिला आवाज हळू लावता आला. "आपल्याच घरात आपल्याला कोणी घेत नाहीये."

बाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि मग पायरीवर आणखी थोडं ऐसपैस बसल्या.